दोन छपरांमधली फायबरची पन्हळ : हर्णैजवळच्या घराच्या कामाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

आमचे जुने कौलारू घर आणि त्याला लागून नंतर बांधलेल्या खोल्यांचे उतरते छप्पर यांच्यामध्ये ९.६ मीटर लांबीची पन्हळ आहे. दोन्ही छपरांचे पाणी तिच्यात पडते. दापोली तालुक्यात पावसाळ्यात साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यामुळे ही पन्हळ गळली की चिऱ्याच्या मधल्या भिंतीत पाणी मुरते आणि पुढचे चार महिने भिंत वाळत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात छप्पर उडाले, तेव्हा कौलांबरोबर पन्हळही नवी बसवली होती. ती जस्ताचा मुलामा असलेल्या १.२ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याची होती. या दिवाळीत कौले शाकारताना पाहिले, तर तळाला अकरा भोके पडली होती आणि खालच्या लोखंडी ब्रॅकेटचे पापुद्रे हाताने निघत होते. समुद्र घरापासून चारशे मीटरवर आहे. अशा जागी पत्रा चार वर्षांच्या वर टिकत नाही, हे आता तिसऱ्यांदा कळले.

पत्र्याच्या नव्या पन्हळीसाठी मजुरीसह १९,००० रुपये सांगण्यात आले. तेवढे पैसे दर चार वर्षांनी घालण्यापेक्षा या वेळी पन्हळ काचतंतू आणि रेझिन (हार्डनर घातल्यावर कडक होणारा चिकट द्रव) यांची, म्हणजे आपण सगळे ज्याला नुसते ‘फायबर’ म्हणतो त्याची करायचे ठरवले. बंदरावरच्या फायबरच्या होड्या वर्षानुवर्षे खाऱ्या पाण्यात उभ्या असतात आणि त्यांना गंज चढत नाही, हे रोज डोळ्यांसमोर आहे. होड्यांचे काम करणाऱ्या एका अनुभवी कारागिरांनी मदतीला यायचे कबूल केले आहे. त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून या नोंदींतही ते काकाच राहतील.

२४ नोव्हेंबर २०२४

साचा तयार झाला. पन्हळ ४०० मिलिमीटर रुंद, २५० मिलिमीटर खोल आणि दोन्ही बाजूंना ७५ मिलिमीटरच्या ओठांची, म्हणजे बाहेर वळलेल्या कडांची, हवी आहे. एवढा लांब तुकडा एकसंध करून वर चढवणे अशक्य आहे, म्हणून ३.२ मीटरचे तीन तुकडे करून ते जागेवर जोडायचे आहेत. पाण्याला लागणारा आतला पृष्ठभाग गुळगुळीत हवा असल्यामुळे साचा उपड्या पेटीसारखा केला. १२ मिलिमीटरच्या प्लायवर सनमाइका चिकटवला आणि कोपरे पुट्टीने गोल केले. फायबरला काटकोनी कोपरा चालत नाही, कारण मॅट (काचतंतूंची चटई) तिथे नीट बसत नाही आणि आत हवा राहते. साच्याला ६,८०० रुपये खर्च आला.

१ डिसेंबर २०२४

आणलेला माल असा : आयसो पॉलिस्टर रेझिन २१० रुपये किलो, काचेची मॅट १३० रुपये किलो, पांढरा जेलकोट (सर्वांत वरचा गुळगुळीत रेझिनचा थर) ३२० रुपये किलो. यांशिवाय हार्डनर (रेझिन घट्ट करणारे द्रव्य), कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य), अॅसिटोन, साच्याला लावायचे मेण, ब्रश आणि खाचांचे लोखंडी रोलर. साधे जनरल पर्पज रेझिन किलोमागे पन्नास रुपयांनी स्वस्त मिळत होते, परंतु सतत पाणी राहणाऱ्या जागी आयसो अधिक टिकते, म्हणून तिथे काटकसर केली नाही.

कामाला बसण्यापूर्वी काकांनी एकच गोष्ट तीनदा बजावली. “दादा, कोबाल्ट आणि हार्डनर एका भांड्यात कधी आणू नका, एका फळीवर शेजारीसुद्धा ठेवू नका.” ही दोन्ही द्रव्ये थेट एकत्र आली तर भडका उडू शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचे आणि हार्डनर अगदी शेवटी घालायचा. आम्ही कोबाल्ट घातलेले रेझिन अंगणात आणि हार्डनर मागच्या पडवीत ठेवतो.

८ डिसेंबर २०२४

पहिला तुकडा टाकला आणि तो वाया गेला. त्याची दोन कारणे होती आणि दोन्ही माझ्या निर्णयातून आली.

पहिले कारण साच्याचे. मी पेटीच्या बाजू अगदी सरळ उभ्या केल्या होत्या. रेझिन घट्ट होताना थोडे आकसते, त्यामुळे तुकडा साच्याला आवळून बसला. मेणाचे चार हात आणि त्यावर पीव्हीएचा (तुकडा साच्यातून सुटावा म्हणून लावायच्या पातळ पापुद्र्याचा) थर देऊनही तो निघेना. पाचरी ठोकल्या, मग फटीतून पाणी सोडले, तेव्हा तो सुटला. पण सोबत सनमाइक्याचा दोन फुटांचा पट्टा उखडून आला. काकांनी साचा पाहताच बाजूंना उतार देण्यास सांगितले होते. आतली रुंदी कमी होईल या भीतीने मी ते ऐकले नाही.

दुसरे कारण जाडीचे. खर्च वाचवण्यासाठी मी चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या मॅटचे तीनच थर घातले, म्हणजे जाडी जेमतेम दोन मिलिमीटर झाली. तुकडा बारा किलोंचा झाला आणि एका हाताने उचलता आला, याचा त्या संध्याकाळी आनंद वाटला होता.

१५ डिसेंबर २०२४

तुकडा १.६ मीटर अंतरावरच्या टेकूंवर ठेवला, दोन्ही तोंडे फळ्या लावून बंद केली आणि पाणी भरले. काठोकाठ भरल्यास त्यात ३२० लिटर पाणी मावते. अर्धा भरताच बाजू फुगू लागल्या. पूर्ण भरल्यावर दोन टेकूंच्या मध्ये तळाला २२ मिलिमीटरची झोळ आली आणि प्रत्येक बाजू सुमारे ३५ मिलिमीटर बाहेर गेली. तुकडा फुटला नाही, पाणी काढताच तो पूर्ववत झाला. परंतु अशी झोळ आलेल्या पन्हळीत पाणी आणि पाने साचून राहणार हे उघड होते.

फायबरबद्दल बोलताना ताकद आणि ताठपणा या दोन गोष्टींची सरमिसळ होते, आणि माझीही तीच झाली होती. ते सहज तुटत नाही, मात्र लोखंडाच्या तुलनेत ते फार लवते. हाताने थापलेल्या मॅटच्या फायबरचा ताठपणा पोलादाच्या पंचविसाव्या हिश्शाच्या आसपास असतो. त्यामुळे पत्र्याच्या जाडीचा हिशेब इथे लावता येत नाही; ताठपणा जाडीतून आणि आकारातून मिळवावा लागतो. जाडी दुप्पट केली की पातीचा ताठपणा आठपट होतो, ही जमेची बाजू आहे. म्हणून आता ४५० ग्रॅमच्या मॅटचे चार थर घालून जाडी चार मिलिमीटर करायची आणि दर ८०० मिलिमीटरवर बाहेरून बरगडी द्यायची असे ठरले. होडीला आतून बरगड्या देतात, तशीच ही पद्धत आहे. ६३ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप उभा अर्धा कापून पालथा ठेवायचा आणि त्यावर मॅटचे दोन थर चढवायचे. पाइप केवळ आकार देतो, भार वरचे फायबर घेते.

२९ डिसेंबर २०२४

साच्याच्या बाजू पुन्हा केल्या. आता प्रत्येक बाजू वरच्या ओठाकडे १८ मिलिमीटर बाहेर झुकते. यासाठी आणखी ३,१०० रुपये आणि दोन रविवार गेले.

५ जानेवारी २०२५

नव्या साच्यावर जेलकोट उत्तम बसला. तो बोटाला चिकट लागतो पण बोटावर उतरत नाही, अशा अवस्थेत आला की पहिली मॅट घालायची. त्याआधी घातली तर जेलकोट सुरकुततो. इथवर सर्व ठीक झाले.

त्यानंतर काम वेगाने उरकण्यासाठी मी एका बादलीत पाच किलो रेझिन एकदम कालवले. हार्डनरचे प्रमाण दीड टक्का, म्हणजे बरोबरच होते. परंतु बादलीतल्या एवढ्या गठ्ठ्यातली उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि उष्णता वाढली की घट्ट होण्याचा वेग आणखी वाढतो. बाराव्या मिनिटाला बादलीतून धूर निघू लागला, तळ वितळला आणि सगळे रेझिन दगड झाले. बादली ओढून वाळूत नेली म्हणून पुढचा अनर्थ टळला. हजाराच्या वर रुपये गेले. पातळ थरात पसरलेले तेच रेझिन तीस अंश तापमानात वीस-पंचवीस मिनिटे हाताळता येते. आता एका वेळी एक किलोपेक्षा जास्त कालवत नाही, आणि कालवणाऱ्या माणसाने दुसरे कोणतेही काम करायचे नाही असा नियम केला आहे.

मॅट आणि रेझिन यांचे प्रमाणही याच दिवशी हाताला समजले. एक किलो मॅटला सव्वादोन ते अडीच किलो रेझिन लागते. मॅटचा पांढरेपणा जाऊन ती पारदर्शक झाली की ब्रश थांबवायचा आणि रोलर फिरवून हवा काढायची. जास्तीचे रेझिन ओतल्याने तुकडा मजबूत होत नाही, तो ठिसूळ आणि महाग होतो. ताकद काचेच्या तंतूंची आहे.

१२ जानेवारी २०२५

दुसऱ्या तुकड्याचा शेवटचा थर संध्याकाळी साडेसहाला संपवला. सकाळी पाहिले तर वरची बाजू दुधाळ आणि चिकट होती. रात्री दव पडले होते. आम्ही मांडवाखाली काम करतो, पण वरून ताडपत्री असली तरी बाजूने ओल येतेच.

इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र दिसत होत्या आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. चिकटपणा हवेमुळे येतो : पॉलिस्टर रेझिनचा हवेला उघडा राहिलेला थर नीट घट्ट होत नाही. त्यासाठी शेवटच्या हाताच्या रेझिनमध्ये स्टायरीनमध्ये विरघळवलेले मेण घालतात; ते वर तरंगून पापुद्रा धरते आणि हवा अडवते. दुधाळपणा मात्र ओलीमुळे आला होता आणि त्यावर कोणताही लेप लावून उपयोग नसतो. दुधाळ झालेला सगळा भाग ग्राइंडरने खरवडून काढला, दोन दिवस उन्हात ठेवला आणि एक थर नव्याने चढवला. तेव्हापासून दुपारी तीननंतर नवे रेझिन कालवायचे नाही असे ठरवले आहे.

ग्राइंडिंगची धूळ हा या कामातला सर्वांत त्रासदायक भाग आहे. काचेचे बारीक तंतू कपड्यांतून आत जातात आणि रात्रभर खाज सुटते. पूर्ण बाह्यांचे कपडे, मनगटाला चिकटपट्टी, डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडावर बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा मास्क हे सर्व हवेच. अंघोळ आधी गार पाण्याने करावी. गरम पाण्याने तंतू आणखी रुततात, असे काका सांगतात, आणि गार पाण्याने मला खरोखर आराम पडला.

२ फेब्रुवारी २०२५

तिन्ही तुकडे झाले. बरगड्या वगळता प्रत्येकाचे वजन साधारण साडेएकवीस किलो भरले. त्याच आकाराचा पत्र्याचा तुकडा तीस किलोंच्या वर गेला असता. पाण्याची चाचणी पुन्हा घेतली : तळाची झोळ चार मिलिमीटर आणि बाजूंचा फुगवटा तीन मिलिमीटर आला. डिसेंबरमधल्या आकड्यांनंतर हे आकडे पाहताना फार समाधान वाटले.

९ मार्च २०२५

पन्हळीचा एक ओठ चिऱ्याच्या भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्टीवर टेकतो. जुनी पट्टी आतल्या सळ्या गंजून फुगल्यामुळे लांबीभर चिरली होती. ती फोडून नवी ओतली आणि आत लोखंडाऐवजी काचतंतूंच्या सळ्या घातल्या. त्यांना गंज लागत नाही, त्यामुळे समुद्राजवळच्या काँक्रीटमध्ये मुख्य आजारच उरत नाही. वजनाला त्या लोखंडाच्या पावपट आहेत; पूर्ण पट्टीच्या सळ्या मी खांद्यावरून एकट्याने आणल्या.

तरीही त्यांच्या अडचणी आधी समजून घ्यायला हव्यात. या सळ्या जागेवर वाकवता येत नाहीत. आकडा किंवा काटकोन हवा असेल तर तो कारखान्यातूनच करून आणावा लागतो. आमची पट्टी सरळ असल्याने ते निभावले. दुसरी अडचण काम करताना कळली. सळ्या काँक्रीटपेक्षा हलक्या असल्यामुळे व्हायब्रेटर लावताच त्या वर तरंगल्या आणि एका ठिकाणी पृष्ठभागावरच आल्या. ओले काँक्रीट दीड मीटर उकरून काढले, सळ्या खाली दाबून प्लास्टिकच्या पट्ट्यांनी साच्याच्या तळाशी बांधल्या आणि पुन्हा भरले. बांधणी ओतण्याआधी अर्ध्या-अर्ध्या मीटरवर केली असती तर दोन तास वाचले असते. घराच्या मुख्य तुळईत मात्र संरचना अभियंत्याच्या हिशेबाशिवाय या सळ्या घालू नयेत, कारण त्यांचाही ताठपणा लोखंडाच्या पाव हिश्शाच्या आसपासच असतो आणि तुळई जास्त लवते.

१३ एप्रिल २०२५

तुकडे वर चढवले. दोघा माणसांनी शिडीवरून एकेक तुकडा दहा मिनिटांत नेला. पत्र्याच्या वेळी चौघे जण आणि दोर लागले होते. बाहेर पाणी सोडणाऱ्या टोकाकडे ५० मिलिमीटर उतार ठेवला आणि ओठ स्टेनलेस स्टीलच्या बोल्टांनी पक्के केले.

दुपारी दोन वाजता कौले काढलेल्या छपरावर ऊन तापले आणि कडकड असा आवाज आला. ओठाच्या शेवटच्या दोन भोकांभोवती जेलकोटला केसासारख्या चिरा गेल्या होत्या. कारण सरळ आहे : असे फायबर तापल्यावर काँक्रीटच्या दुपटीपेक्षा जास्त प्रसरण पावते. ९.६ मीटर लांबीत तीस अंशांच्या फरकाने आठ ते नऊ मिलिमीटर वाढ होते, आणि मी ती वाढ सगळीकडून आवळून टाकली होती. फक्त पाणी सोडणारे टोक घट्ट ठेवून बाकीची सर्व भोके लांबट केली आणि बोल्ट हाताने फिरतील इतकेच आवळले. चिरा खरवडून जेलकोटने भरल्या.

४ मे २०२५

मागच्या पडवीवर अर्धपारदर्शक फायबरचे दोन मिलिमीटर जाडीचे चार पत्रे टाकले. पूर्वी तिथे दिवसाही दिवा लावावा लागत असे. आता भाताची कणगी आणि नारळ उजेडात दिसतात. पहिल्या पत्र्याला स्क्रूमशीनने आवळल्यामुळे भोकाभोवती चांदणीच्या आकाराची भेग गेली. नंतर स्क्रूपेक्षा दोन मिलिमीटर मोठी भोके पत्र्याच्या नागमोडी उंचवट्यांवर पाडली, रबरी वायसर घातले आणि हातानेच आवळले. या पत्र्यांवर कोणीही पाय देऊ नये. न्हाणीघराच्या चुलीची जागा आम्ही पडवीतून हलवली आहे, कारण पॉलिस्टर पेट घेते आणि त्याचा धूर दाट, काळा असतो. ज्यांना चुलीजवळच फायबर वापरणे भाग आहे, त्यांनी आग रोखणारे रेझिन मागून घ्यावे.

२१ मे २०२५

पन्हळीचा पहिला सांधा ११ तारखेला जोडला : दोन्ही बाजूंना १५० मिलिमीटर जेलकोट घासून काच उघडी केली आणि क्रमाने रुंद होत जाणारे चार थर चढवले. दुसरा सांधा पुढच्या रविवारी करायचा होता. आगोटीची कामे मेअखेर संपवायची आपली सवय असते, त्या हिशेबाने हातात दोन आठवडे आहेत असे मी धरले होते. पण पाऊस या आठवड्यातच सुरू झाला. काल ताडपत्री बांधून, फडक्याने पुसून, हॉट एअर गनने कोरडे करून सांधा घातला. काका नको म्हणत होते. घर उघडे पडले होते, म्हणून मी आग्रह धरला.

१ जून २०२५

२५ मे रोजी मोसमी पाऊस कोकणात दाखल झाल्याचे जाहीर झाले, नेहमीपेक्षा बराच आधी. दुसरा सांधा गळत आहे. थेंब थेंबच आहे, पण भिंतीवर डाग उमटला. खालून पाहिले तर थरांमध्ये पांढरे चट्टे दिसतात, म्हणजे जानेवारीतल्या दवाचीच गोष्ट इथे पुन्हा घडली. काच उघडी केलेला भाग वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून ठेवतो.

८ जून २०२५

या आठवड्यात उघडीप मिळाली. सांधा पूर्ण घासून काढला, तीन दिवस उन्हात उघडा ठेवला आणि सकाळी दहा ते दुपारी एक या वेळेत चारही थर नव्याने घातले. शेवटच्या हातात मेण घातले. संध्याकाळपर्यंत तो नखाने ओरखडा न उठण्याइतका घट्ट झाला.

आजपर्यंतचा खर्च, पडवीचे पत्रे आणि काँक्रीटची पट्टी सोडून : रेझिन १२,८००, मॅट ३,९००, जेलकोट २,५६०, किरकोळ रसायने व हत्यारे ४,२००, साचा ९,९००, काकांची नऊ दिवसांची मजुरी १०,८००, स्टेनलेस बोल्ट ३,६००, एकूण ४७,७६० रुपये. यांतले सुमारे ९,००० रुपये पहिला तुकडा, साच्याची दुरुस्ती आणि बादलीत गेलेले रेझिन यांत वाया गेले. साचा शाबूत आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणाला हीच पन्हळ हवी असल्यास खर्च बत्तीस हजारांच्या आसपास बसेल. माझा साचा शेजारच्या दोन घरांनी मागितला आहे आणि तो त्यांना द्यायचा आहे.

२० जुलै २०२५

रात्रभर मुसळधार पाऊस होता. पहाटे शिडी लावून पाहिले तेव्हा पन्हळीत पाणी १४० मिलिमीटर उंचीने वाहत होते, दोन्ही सांधे खालून कोरडे होते आणि मोकळे टोक आपल्या लांबट भोकांत सरकलेले दिसले. मधल्या भिंतीला हात लावला. ती कोरडी आहे. फणसाची पाने तोंडाशी अडकतात, त्यासाठी जाळी करायची आहे आणि ती लोखंडी करणार नाही. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये जेलकोटवर फोड आले आहेत का आणि काच कुठे उघडी पडली आहे का, हे सांध्यांपासून सुरुवात करून बोटाने तपासेन आणि ती नोंद इथेच लिहीन.